आतड्यात आतडं: सुरी न लावता केलेल्या एका उपचाराची गोष्ट

(भागाचा लिखित मसुदा. बोलताना घसरलेली वाक्यं जरा सरळ केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच.)

हा भाग रेकॉर्ड करायला मी दोन महिने टाळाटाळ केली, कारण याची सुरुवात आमच्या घरातून होते.

ताईचा मुलगा तेव्हा सात महिन्यांचा होता. रविवारी दुपारी छान खेळत होता आणि एकदम किंचाळला. पाय पोटाशी घेतले, चेहरा पांढराफटक. दोन-तीन मिनिटांनी गप्प झाला. इतका गप्प, की झोप लागली असंच आम्हाला वाटलं. पंधरा-वीस मिनिटांनी परत तेच. आईने बेंबीभोवती हिंग लावला, मग दृष्ट काढून झाली. जवळच्या डॉक्टरांनी गॅस असेल, दात येत असतील म्हणून थेंब लिहून दिले. रात्री उलट्या सुरू झाल्या, हिरवट. पहाटे ताईने लंगोट उघडला तर आत शी नव्हतीच, लाल जेलीसारखं काहीतरी होतं. दाजींनी गाडी काढली ती थेट शहरात.

तिथे सोनोग्राफी झाली. पडद्यावर वर्तुळात वर्तुळ दिसत होतं, नेमबाजीच्या पाटीसारखं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आतड्यात आतडं शिरलंय. पण ऑपरेशन लागेलच असं नाही, आधी पाण्याने प्रयत्न करू." पाण्याने? मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. एका स्टँडवर कोमट सलाइनची पिशवी टांगली, नळी बाळाच्या गुदद्वारातून आत घातली, आणि सोनोग्राफीचा प्रोब पोटावर धरून त्या पडद्याकडे बघत राहिल्या. कोपऱ्यात एक सर्जन भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभे होते. ते काहीच करत नव्हते. दहा-बारा मिनिटांत ते वर्तुळ सरकत सरकत गेलं आणि नाहीसं झालं.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण परत येताना डोक्यात एकच प्रश्न होता: हे पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल? आणि इतकं साधं आहे तर याला इतकी शतकं का लागली?

आधी भानगड काय ते बघू. याला इंटससेप्शन म्हणतात. सदऱ्याची बाही काढताना ती अर्धी आत उलटते ना, तसं आतड्याचा एक तुकडा पुढच्या तुकड्यात शिरतो. लहान मुलांत बहुतेक वेळा लहान आतड्याचं शेवटचं टोक मोठ्या आतड्यात जातं. आतडं पुढे ढकलण्याचं काम करतच राहतं, त्यामुळे शिरलेला भाग अजून आत ओढला जातो. त्याच्याबरोबर त्याच्या रक्तवाहिन्याही ओढल्या जातात आणि आवळल्या जातात. आधी सूज, मग रक्त आणि चिकट स्राव (तीच ती लाल जेली), मग रक्तपुरवठा बंद, आणि शेवटी आतड्याचा तो भाग मरतो. साधारण पाच ते नऊ महिन्यांच्या बाळांत हे सगळ्यात जास्त दिसतं. बहुतेकांत ठोस कारण सापडत नाही. एखाद्या विषाणूच्या संसर्गानंतर आतड्याच्या भिंतीतल्या गाठी सुजतात आणि त्यांनाच धरून आतडं पुढे खेचलं जातं, असं मानतात. काहीच केलं नाही तर बहुतेक मुलं काही दिवसांत दगावतात.

आता मजा बघा. आत उलटलेली बाही सरळ करायची तर दोन मार्ग. एक, बाहेरून हात घालून ओढायची. दुसरा, समोरच्या टोकाकडून फुंकर मारायची. ही दुसरी कल्पना फार जुनी आहे. हिप्पोक्रेटसच्या नावावर जे ग्रीक वैद्यकीय ग्रंथ आहेत, त्यांतल्या एकात आतडं तुंबलेल्या रोग्यासाठी सांगितलंय की लोहाराचा भाता लावून गुदद्वारातून पोटात हवा भरा, मग भाता काढून बस्ती द्या, स्पंजने बूच लावा आणि रोग्याला गरम पाण्यात बसवा. हे खास बाळांसाठी नव्हतं, आणि आत नेमकं काय अडलंय हे त्यांना माहीत असणं शक्यच नव्हतं. पण तत्त्व तेच. दोन हजार वर्षांपूर्वीचं.

मग ते टिकलं का नाही? टिकलं, पण धड नाही. मधल्या काळात तुंबलेल्या आतड्यावर लोकांनी काय काय केलं ते वाचून अंगावर काटा येतो. वजनाने अडथळा उघडेल म्हणून रोग्याला पारा पाजायचे, शिशाच्या गोळ्या गिळायला द्यायचे. म्हणजे समोरून फुंकर मारायची सोडून मागूनच ढकलायचं. शिरलेल्या आतड्यावर हे अगदी उलट काम.

सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमच्या पॉल बार्बेट या सर्जनने आतड्यात आतडं शिरण्याचं वर्णन केलं आणि पोट उघडून ते सोडवावं असं सुचवलं. सुचवलं, बरं का. भूल नाही, निर्जंतुकीकरण नाही, त्या काळात तान्ह्या बाळाचं पोट उघडणं म्हणजे जवळपास खात्रीचा मृत्यू. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या जॉन हंटरने या प्रकाराचं नीट वर्णन करून त्याला नाव दिलं. १८३८ च्या आसपास इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी भात्याने हवा भरून बाळं बरी केल्याचे अहवाल छापले. जुनी कल्पना परत वर आली.

इथे मला माझ्या कामातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्याकडे दोन प्रकारची यंत्रणा असते. एक, जी आंधळेपणाने हुकूम सोडते आणि पुढे काय झालं ते बघत नाही. दुसरी, जी प्रत्येक पावलाला परिणाम मोजते आणि त्यानुसार पुढचा हुकूम बदलते. भाता हा पहिल्या प्रकारचा. हवा आत जातेय, पण कुठपर्यंत गेली? आतडं सुटलं की अर्धंच सुटलं? की फाटलं? कुणालाच कळत नव्हतं. मूल रडायचं थांबलं म्हणजे बरं झालं, की धक्क्यात गेलं? या सगळ्या इतिहासात जोर कधीच कमी नव्हता. कमी होती नजर, आणि थांबायचं कुठे याचा आकडा. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि पुढचा सगळा भाग त्याचाच पुरावा आहे.

१८७१ साली लंडनमध्ये जोनाथन हचिन्सनने दोन वर्षांच्या मुलीचं पोट उघडून आतडं हाताने सोडवलं आणि ती जगली. लहान मुलातलं हे पहिलं यशस्वी ऑपरेशन मानलं जातं. तिचं आतडं इतकं पुढे आलं होतं की ते गुदद्वारातून बाहेर दिसत होतं. क्लोरोफॉर्म आलं होतं, लिस्टरचं निर्जंतुकीकरण नुकतंच येऊ घातलं होतं, त्यामुळे सर्जन मंडळींना जोर चढला. पण एक मूल जगलं म्हणजे सगळी जगतील असं नसतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तान्ह्यांच्या या ऑपरेशनमध्ये निम्म्याहून जास्त बाळं दगावत होती.

आणि नेमक्या याच काळात कोपनहेगनमध्ये एक बालरोगतज्ज्ञ वेगळंच काहीतरी करत होता. हॅराल्ड हिर्शस्प्रुंग. नाव ओळखीचं वाटेल, कारण मोठ्या आतड्याच्या एका जन्मजात आजाराला त्याचं नाव आहे आणि वैद्यकीय विद्यार्थी तेवढंच पाठ करतात. पण मला वाटतं त्याचं हे दुसरं काम जास्त मोलाचं आहे. १८७६ मध्ये त्याने या आजारावर पहिलं लिखाण केलं आणि पुढची तीसएक वर्षं तो एकच गोष्ट करत राहिला: पाण्याचा बस्ती, आणि त्याच वेळी पोटावरून हाताने ती सॉसेजसारखी गाठ चाचपत मागे सरकवणं. म्हणजे हाताची बोटं हाच त्याचा सेन्सर. गाठ कुठे आहे, हलली का, लहान झाली का, हे तो बोटांनी वाचत होता.

१९०५ मध्ये त्याने १०७ मुलांचा हिशेब मांडला. मृत्युदर ३५ टक्के. आज हा आकडा ऐकून पोटात गोळा येतो. पण त्या काळाच्या मानाने हे फारच चांगलं होतं. आणि मला जास्त आवडलं ते हे, की त्याने हिशेब ठेवला. यशस्वी केस छापून बाकीच्या विसरायच्या ही तेव्हाची (आणि आत्ताचीही, खरं सांगायचं तर) सवय. याने तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मुलं गेल्याचं स्वतःच लिहून ठेवलं.

हे लोण पुढे ऑस्ट्रेलियात पोचलं. सिडनीच्या मुलांच्या हॉस्पिटलात क्लब नावाचे सर्जन आधी बस्ती आणि मग गरज पडली तर ऑपरेशन असा क्रम पाळत होते. त्यांच्यानंतर हिप्सली यांनी १९२६ मध्ये सलग १०० मुलांचा अहवाल दिला. मिठाचं पाणी, ठरावीक उंचीवर टांगलेलं भांडं. त्या शंभरात पाच मृत्यू. पस्तीसवरून पाच! यात ऑपरेशनं सुधारली हाही भाग आहे, सगळं श्रेय पाण्याला देऊ नका. पण त्या टांगलेल्या भांड्याकडे लक्ष द्या. भांड्याची उंची ठरली की दाब ठरतो. भाता मारणाऱ्या माणसाच्या दंडात किती ताकद आहे यावर काही अवलंबून राहत नाही. अकरावीच्या फिजिक्समधलं द्रवाच्या दाबाचं सूत्र आठवतंय? एक मीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे साधारण ७४ मिलिमीटर पाऱ्याचा दाब. भांडं किती का मोठं असेना, दाब तेवढाच. इतकी स्वस्त सुरक्षा दुसरी कुठली असेल!

दाबाचं झालं. नजर राहिली.

ती क्ष-किरणांनी दिली. रॉन्टगेनचा शोध १८९५ चा. १९१३ मध्ये बॉस्टनच्या विल्यम लॅडने बिस्मथचा बस्ती देऊन या आजाराचा क्ष-किरण फोटो छापला. १९२७ मध्ये तीन देशांत, एकमेकांशी संबंध नसताना, तीच गोष्ट झाली: अमेरिकेत रेटन, स्वीडनमध्ये ओल्सन आणि पालिन, फ्रान्समध्ये पुलिकां. तिघांनीही बेरियमचा पांढरा घोळ आत सोडला आणि पडद्यावर तो पुढे सरकताना, आतडं मागे हटताना डोळ्यांनी पाहिलं. लोहाराच्या भात्यानंतर दोन हजार वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी ते घडताना बघितलं.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. अमेरिकेतले मोठे बालसर्जन ऑपरेशनच्याच बाजूने राहिले, आणि त्यात बॉस्टनच्या लॅड आणि ग्रॉस यांचा शब्द शेवटचा मानला जाई. त्यांचा मुद्दा फालतू नव्हता. आतडं अर्धवटच सुटलं आणि आपल्याला सुटलं असं वाटलं तर? आतला भाग मेलेला असेल आणि आपण तो पुन्हा जागेवर ढकलला तर? पोट उघडलं की निदान डोळ्यांनी दिसतं. आणि त्यांच्या हातात ऑपरेशनचे निकाल आता चांगले येत होते. मी त्या काळात असतो तर बहुधा त्यांच्याच बाजूने मत दिलं असतं.

या प्रश्नांना उत्तर देणारा माणूस स्वतः सर्जनच होता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधला मार्क रॅविच. त्याने आणि मॅक्यून यांनी १९४८ मध्ये जो लेख लिहिला तो रुग्णांचा हिशेब आणि प्रयोग असा दोन्ही होता. कुत्र्यांच्या आतड्यात मुद्दाम हा प्रकार घडवून आणला आणि बस्तीच्या दाबाने काय होतं ते पाहिलं. उत्तर सुंदर आहे: दाब मर्यादेत ठेवला तर मेलेलं आतडं मागे सरकतच नाही. ते सुजून अडकून बसतं. म्हणजे ज्याची भीती होती, की सडलेला भाग आपण नकळत जागेवर ढकलू, ते होत नाही. जे सुटतं ते जिवंत असतं. जे सुटत नाही त्याला सर्जनकडे न्या.

मग त्याने नियम बांधले. बेरियमचं भांडं टेबलापासून तीन फुटांवर, त्याहून वर नाही. बाहेरून पोट दाबायचं नाही. इथे हिर्शस्प्रुंगच्या बोटांना निवृत्ती मिळाली. त्याच्या काळात ती बोटं नजरेचं काम करत होती, आता पडद्यावर दिसत असताना ती फक्त जादा जोर लावणार. आणि "सुटलं" असं कधी म्हणायचं यासाठी त्याने पक्की यादीच दिली: बेरियम लहान आतड्यात मोकळेपणाने शिरलं पाहिजे, गाठ लागता कामा नये, मूल शांत झालं पाहिजे, आणि तोंडावाटे दिलेली कोळशाची पूड काही तासांनी खालून बाहेर आली पाहिजे. कोळशाची पूड! मला हे वाचून हसूच आलं. आमच्याकडे नेटवर्क सुरू आहे का बघायला एका टोकाकडून पिंग टाकतात आणि उत्तर येतं का बघतात. हा तोच प्रकार, १९४८ मधला.

जाता जाता सांगतो, हाच रॅविच १९५८ मध्ये सोव्हिएत युनियनला गेला होता, तिथे कीव्हमध्ये फुफ्फुसाकडे जाणारी श्वासनलिका मिटवायचा स्टेपलर बघितला आणि एक घेऊन अमेरिकेत आला. आजच्या सर्जिकल स्टेपलरच्या तिथल्या कथेची सुरुवात तिथून होते. सर्जनांसाठी नवं हत्यार आणणारा आणि आतडं कापू नका म्हणून भांडणारा माणूस एकच.

आता परत हवेकडे. १९५९ मध्ये अर्जेंटिनाच्या फिओरितो आणि रेकाल्दे क्वेस्तास यांनी दाब नियंत्रित ठेवून हवा भरण्याची पद्धत एका इंग्रजी नियतकालिकात छापली. इंग्रजी जगाने ती वाचली आणि बाजूला ठेवली. चीनमध्ये मात्र डॉक्टर हवेवरच काम करत राहिले. १९८६ मध्ये शांघायच्या गुओ आणि सहकाऱ्यांचा लेख आला: १३ वर्षांत ६,३९६ मुलं, हवेच्या दाबाने. नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आतडं सुटलं, आणि फाटण्याचं प्रमाण ०.१४ टक्के. हिर्शस्प्रुंगला १०७ मुलं जमवायला तीस वर्षं लागली होती. या आकड्यापुढे वाद घालायला जागा उरली नाही. पुढच्या काही वर्षांत पाश्चात्त्य हॉस्पिटलांतही हवा आली. दाबमापक लावलेली, १२० मिलिमीटरच्या वर न जाणारी. हवा पटकन जाते, रेडिएशनचा वेळ कमी लागतो, आणि चुकून आतडं फाटलंच तर बेरियम पोटात सांडून जी भयंकर सूज येते ती टळते. तिचा स्वतःचा धोका आहे. फाटलं तर पोटात हवा कोंडून मुलाचा श्वास अडकू शकतो, म्हणून जाड सुई हाताशी ठेवतात.

आणि शेवटी आमच्या घरातली पद्धत. १९८२ मध्ये कोरियातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफीने बघत सलाइनचा बस्ती दिला. १९८८ मध्ये चीनमधून ३७७ मुलांचा अहवाल आला, त्यात ९५ टक्क्यांच्या वर यश. क्ष-किरण अजिबात नाहीत. सोनोग्राफीचं यंत्र आपल्याकडे तालुक्याच्या गावीही असतं. सलाइनची बाटली तर कुठेही मिळते. मग तरीही आपल्याकडे एवढी मुलं ऑपरेशन टेबलावर का जातात? मुख्य कारण उशीर. पोट कडक झालं असेल, आतडं फाटलं असेल, मूल शॉकमध्ये असेल तर बस्ती द्यायचाच नसतो, थेट ऑपरेशन. आणि मूल त्या अवस्थेला पोचतं ते "गॅस आहे, दात येताहेत" या वाक्यामुळे. मी त्या पहिल्या डॉक्टरांवर चिडलो होतो, अजूनही थोडा चिडलेलोच आहे. पण रडून गप्प झालेलं बाळ दवाखान्यात आणलं तर ते त्या दहा मिनिटांत ठणठणीतच दिसतं, हेही खरं. झटका येऊन जातो आणि मूल मध्ये मलूल पडून राहतं, हे आईवडिलांनी सांगितल्याशिवाय कळायला मार्ग नाही. आम्ही ते नीट सांगितलंच नव्हतं. "रडतोय" एवढंच म्हणालो होतो.

या गोष्टीला एक पुण्याचा धागा आहे. १९९८ मध्ये अमेरिकेत रोटाशील्ड नावाची रोटाव्हायरसची पहिली लस आली. वर्षभरात लक्षात आलं की ती घेतलेल्या साधारण दहा हजार बाळांमागे एका बाळात जादाचं इंटससेप्शन होतंय. १९९९ मध्ये लस मागे घेतली. त्यानंतर आलेल्या प्रत्येक रोटाव्हायरस लशीला याच प्रश्नातून जावं लागलं. मोठ्या कंपन्यांना प्रत्येकी साठ हजारांहून जास्त बाळांवर चाचण्या कराव्या लागल्या. भारतीय रोटाव्हॅकची मोठी चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्यात मिळून ६,७९९ बाळांवर झाली. त्यात कुठल्याही बाळाला उलटी, रक्ताची शी किंवा पोटफुगी झाली की ते इंटससेप्शन तर नाही ना, हे तपासलं जाई. पुढे पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची रोटासिल आली. आज ही लस सरकारी लसीकरणात आहे, आणि माझ्या भाच्यालाही दिली होती. ताईने लगेच विचारलं, "लशीमुळे झालं का रे?" धोका पहिल्या डोसानंतरच्या आठवड्यात जास्त असतो आणि याचा शेवटचा डोस होऊन तीन महिने उलटले होते, असं डॉक्टरबाईंनी तिला शांतपणे समजावलं. जुलाबाने दगावणाऱ्या बाळांच्या संख्येपुढे तो धोका फारच छोटा आहे, हेही.

सुटलेलं आतडं साधारण दहातल्या एका मुलात परत शिरू शकतं, बहुधा पहिल्या काही दिवसांत. म्हणून आम्हाला एक रात्र तिथेच ठेवलं. ताई जागीच होती. दर वेळी तो चुळबुळला की ती पोटाला हात लावून बघायची.

ते सर्जन? पडद्यावरचं वर्तुळ नाहीसं झालं, सलाइन लहान आतड्यात शिरताना दिसलं, तेव्हा डॉक्टरबाईंनी मागे वळून पाहिलं. त्यांनी मान हलवली, हाताची घडी सोडली आणि म्हणाले, "चला, मी ओपीडीत आहे. लागलं तर बोलवा." रॅविचच्या काळापासून चालत आलेला नियम आहे तो: सर्जन जवळ हवा, सगळी तयारी करून. त्या दिवशी त्यांचं पूर्ण काम एवढंच होतं.